चतुःसीमा

लाखांदूरच्या तहसिलीसमोर कडुलिंबाखाली
माझं टेबल. एक पाय विटेवर.
बाबांचं होतं. त्यांचा टाइपरायटर मी मोडीत घातला,
टेबल ठेवलं.
लॅपटॉप पुतण्याने शिकवला,
पण मृत्युपत्र आधी हातानंच घेते, पाठकोऱ्या कागदावर.
माणूस आपल्या मरणानंतरचं बोलत असताना
बटणांचा आवाज बरा वाटत नाही.

सकाळी लाइनमन आला, बायको, सव्वा महिन्याची पोरगी.
'काही झालंच तर' एवढं म्हणाला,
आणि तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.
मी सांगितलं, नॉमिनी म्हणजे राखणदार, मालक नाही.
पोरीच्या नावापुढे लिहिलं: अज्ञान, पालनकर्ती आई.
कायदा लेकरांना अज्ञान म्हणतो.
पोरगी जांभई देत होती.

मग आरोग्य केंद्रातली सिस्टर, पस्तिशीची, एकटी.
फंडात भावाचं नाव आहे, ते काढायचं.
मी कारण विचारत नसते.
तिनंच सांगितलं: आई माझ्याजवळ राहते.

दुपारी सुकराम कापगते, वय अठ्ठ्याहत्तर,
डबा आणि छत्री घेऊन.
'मी सांगतो, तू लिव्ह.'
चतुःसीमा सांगा, म्हटलं.
'पूर्वेस बोडी. पान्यात माझा तिसरा हिस्सा.
मासोळीचा येगळा लिव्ह.
दक्षिनेस धाकट्या भावाचा धान. बोलत नाही तो,
पन पाटाचं पानी अडवत नाही.
पश्चिमेस सरकारी रस्ता.'
उत्तरेस?
डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं त्यानं.
'उत्तरेस मोह. धुऱ्यावर. कोनी लावला मनशील, तं कोनीच नाही.
मोह कोनी लावत नसते.'

जमीन दोघा पोरांना, सारखी.
म्हातारीला जितेपणी पडवी, कणगी,
आणि कणगीची किल्ली तिच्याच कमरेला.
'आन मोह सायत्रेले.'

सायत्रेचं हक्कसोड माझ्याच हातचं.
नऊ वर्षांपूर्वी, याच टेबलावर,
दोन्हीकडे दोन भाऊ, पिशवीत नवं लुगडं.
'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय':
हे वाक्य मी न बघता लिहू शकते.
एकदा स्वतःसाठीही लिहिलंय.
अक्षर माझं, सही माझी,
समोर बाबा बसलेले. वाचून म्हणाले,
'खुशी'तली वेलांटी दुसरी कर.
मी केली.

झाड एकटं देता येत नाही, मी सुकरामला म्हटलं,
खालची जागा द्यावी लागते.
'मंग दे. सावली पडते तितकी.'
सावली फिरते हो. कोणत्या वेळची धरू?
म्हातारा बोटं मोडत बसला,
पहिल्यांदाच थोडा हसला.
'चैतातली. सकाळची.
मोह वेचाले जाते तवाची.
तवा लय लांब राहते.'

सावली दस्तात बसत नाही.
मी लिहिलं: उत्तर बाजूचे सहा आर, मोहाच्या झाडासह.
तो म्हणाला, सहा म्हंजे किती?
मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत हात दाखवला.
त्याने छत्री उघडून, मिटून, मान हलवली.
'पोट्ट्यायले आताच नको सांगू.'
डॉक्टरचा दाखला, दोन साक्षीदार,
त्यातला एक चहावाला, ओला हात पुसत आलेला.
अंगठ्याची शाई सुकरामनं कडुलिंबाच्या खोडाला पुसली.

संध्याकाळी एक पाठकोरा उरला.
वर माझं नाव घातलं, वय बावन्न.
पूर्वेस
इतकं लिहून झालं, तोवर पुतण्या आला,
टेबल उचलायला, चल आत्या, म्हणत.
टेबल आम्ही झेरॉक्सवाल्याकडे ठेवतो.
वीट नेत नाही.
ती इथंच राहते, रात्रभर, कोणाच्याच नावावर नसलेली,
आणि अजून तरी
कोणी उचलली नाही.